न मारलेले चेंडू

समोरून आलेला चेंडू न मारता सोडून द्यावा, असे चार चेंडू झाले म्हणजे बॅट खाली ठेवावी आणि सावकाश चालत जाऊन नव्वद फुटांवरच्या एका पांढऱ्या उशीवर उभे राहावे, एवढ्या कर्तबगारीबद्दल माणसाला वर्षाकाठी कोट्यवधी डॉलर मिळतात, असे मी आमच्या सदाशिव पेठेतील मित्रमंडळींस सांगितले, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिले. म्हातारा चिरंजीवांकडे अमेरिकेत दोन उन्हाळे काढून आला आणि थापा मारावयास शिकून आला, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. मी त्यांना बेसबॉलविषयी सांगत होतो. त्यांतल्या त्यांत, ज्यांची कीर्ती फटक्यांपेक्षा बेसवर पोहोचण्यावर उभी आहे, अशा फलंदाजांविषयी.

माझा सगळा जन्म सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यात गेला. या धंद्यात माणसाला एक खोड लागते. वहीत जे मांडले आहे ते बरोबर आहे की नाही, हे कोणीही कारकून पाहतो. जे मांडावयास हवे होते आणि मांडलेच नाही, ते शोधण्यात आमचा खरा आनंद. बेसबॉलच्या जमाखर्चात अशी एक रक्कम शंभराहून अधिक वर्षे मांडावयाची राहून गेली होती, असे कळल्यापासून मला त्या खेळाची गोडी लागली. खेळ स्वतः पाहावयास तसा संथच आहे. तासाभरात तिथे जेवढे घडते, तेवढे आपल्या शनिपारावर पाच मिनिटांत घडते.

वाचकांपैकी पुष्कळांना हा खेळ परिचित नसेल, म्हणून थोडे सांगणे प्राप्त आहे. चेंडू फेकणारा, त्याला तिकडे पिचर म्हणतात, साठ फूट सहा इंचांवरून चेंडू फेकतो. फलंदाजाच्या पायांजवळ सतरा इंच रुंदीची एक पांढरी पाटी जमिनीत बसविलेली असते. त्या पाटीच्या वरून, गुडघ्यापासून साधारण छातीच्या खालपर्यंत जी काल्पनिक खिडकी होते, तिच्यातून गेलेला चेंडू फलंदाजाने मारला नाही तर ती ‘स्ट्राइक’. अशा तीन झाल्या की तो बाद. खिडकीबाहेरून गेलेला चेंडू त्याने सोडला तर तो ‘बॉल’. असे चार झाले की त्याला पहिल्या बेसवर फुकट चालत जाण्याचा हक्क मिळतो. याचेच नाव ‘वॉक’. खिडकीबाहेरचा चेंडू मारावयास जाऊन चुकला, तर मात्र तीही स्ट्राइकच. चेंडूचा वेग असा असतो, की तो हातातून सुटल्यापासून पाटीवर येईपर्यंत अर्धा सेकंदही लागत नाही. आणि तेवढ्या अवधीत हा आपला की परका, हे ठरवून वर बॅटही फिरवावयाची असते.

दुसरी गोष्ट अशी, की या खेळात षटकांचा हिशेब नाही. नऊ डाव, प्रत्येक डावात तीन गडी, म्हणजे सत्तावीस माणसे बाद होईपर्यंत संघ जिवंत असतो. ते सत्तावीस बळी हेच संघाचे भांडवल. जो बाद होतो तो त्यातला एक रुपया खर्च करतो. जो बेसवर पोहोचतो, मग तो फटका मारून पोहोचो, चालत पोहोचो की अंगावर चेंडू घेऊन पोहोचो, तो तो रुपया शाबूत ठेवून पुढच्या माणसाच्या हाती देतो. सामान्य व्यावसायिक खेळाडू शंभर वेळा खेळावयास आला तर साधारण एकतीस-बत्तीस वेळा बेसवर पोहोचतो. चाळीस वेळा पोहोचणारा फार मोठा. टेड विल्यम्स नावाचा बोस्टनचा खेळाडू आपल्या साऱ्या कारकिर्दीत हजारात ४८२ वेळा पोहोचला. त्याच्या पुढे आजवर कोणीही गेलेला नाही; खुद्द बेब रूथदेखील ४७४ वर थांबतो.

या विल्यम्सचे १९४१ साल अमेरिकेत शाळकरी पोरांनाही पाठ असते. त्या वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी हजारात ४०६ झाली. त्यानंतर आजपर्यंत अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणाचीही मोसमाची सरासरी ४०० ला लागलेली नाही. मोसमाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची सरासरी ३९९.५५ होती, म्हणजे पूर्णांकात ४००. व्यवस्थापक जो क्रोनिन याने त्याला सांगितले, की आज बसून राहिलास तरी चालेल. विल्यम्स फिलाडेल्फियात त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला, आठांपैकी सहा वेळा फटका साधला आणि आकडा ४०६ वर नेला. कथा उत्तम आहे आणि ती सांगताना लोकांचे डोळे चमकतात. परंतु माझ्यातल्या हिशेबनिसाला त्या वर्षाचा दुसराच आकडा अधिक मोलाचा वाटला. ४०६ ही सरासरी निघते ती ४५६ प्रसंगांपैकी १८५ फटके, अशी. प्रत्यक्षात गडी ६०६ वेळा खेळावयास उभा होता! मग उरलेले दीडशे प्रसंग गेले कोठे? १४७ वेळा त्याला वॉक मिळाला आणि तीन वेळा चेंडू अंगावर बसला. सरासरी काढताना हे दीडशे प्रसंग जमेतही नाहीत आणि खर्चातही नाहीत. जणू घडलेच नाहीत. ते जमेस धरले तर विल्यम्स त्या वर्षी ६०६ पैकी ३३५ वेळा, म्हणजे हजारात ५५३ वेळा बेसवर पोहोचला. दोनदा आला तर एकदाहून अधिक वेळा त्याला कोणी बाद करू शकत नव्हते.

असा सोयीस्कर विसर कोणी पाडला, याचा शोध घेतला तर आपण येऊन ठेपतो थेट क्रिकेटपाशी. हेन्री चॅडविक म्हणून एक वृत्तपत्रकार होता. १८२४ साली इंग्लंडातील एक्सेटर येथे जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत आला. बेसबॉलचा धावफलक आणि त्याची आकडेमोड यांना वळण लावण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते. हा मनुष्य मुळात क्रिकेटच्या संस्कारातला. क्रिकेटमध्ये वाइड चेंडूची धाव फलंदाजाच्या नावावर चढत नाही. ती ‘अवांतर’ म्हणून निराळी पडते. त्याच न्यायाने, वॉक म्हणजे चेंडू फेकणाराची चूक, फलंदाजाचे त्यात कर्तृत्व ते काय, असे त्याने ठरविले. १८८७ साली एका मोसमापुरते वॉकला फटक्याच्या बरोबरीने धरले गेले. पण सरासऱ्या अवाच्या सवा फुगल्या आणि पुढच्याच वर्षी जुना रिवाज परत आला. पुढे पिढ्यान् पिढ्या फलंदाजाचे मोल ठरले ते त्याच एका सरासरीवर.

ही हकीकत मी सौभाग्यवतींना चहाच्या वेळी ऐकविली. त्या चिरंजीवांच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरीत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, “अहो, त्यात नवल ते काय? श्रीखंड कोणी केले, हे साऱ्या घराला ठाऊक असते. दूध उतू गेले नाही, याची नोंद कोणी ठेवली आहे का?” मी चहा घेतला.

आपल्याकडेही अशी उदाहरणे नाहीत असे नव्हे. १९४३ सालच्या डिसेंबरात मुंबईच्या पंचरंगी सामन्यात विजय हजारे यांनी काढलेल्या ३०९ धावा जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतात. संघाची एकूण धावसंख्या होती ३८७. त्या डावात सहाव्या गड्यासाठी तीनशे धावांची भागी झाली. पलीकडच्या टोकास विजयरावांचे बंधू विवेक हजारे उभे होते आणि त्यांच्या नावावर त्या भागीत धावा पडल्या अवघ्या एकवीस. ते जर लौकर बाद झाले असते, तर ते ३०९ कोठून येणार होते? तरीही वही उघडली की एकवीस ते एकवीसच.

बेसबॉलमधील अशा एकवीसवाल्यांचा शिरोमणी म्हणजे एडी योस्ट. १९४४ ते १९६२ या काळात, बहुतेक वर्षे वॉशिंग्टनच्या दुबळ्या संघातून, हा खेळला. त्याची फलंदाजीची सरासरी २५४, म्हणजे कोणीही सांगावे की सामान्य गडी. पण त्याने १६१४ वॉक मिळविले आणि हजारात ३९४ वेळा तो बेसवर पोहोचला. लोक त्याला ‘चालणारा माणूस’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे लागत असेल. याच्या उलट रोबर्टो क्लेमेंटे पाहा. सरासरी ३१७, तीन हजार फटके, आणि भूकंपग्रस्त निकाराग्वाला मदत घेऊन जाणारे विमान कोसळून १९७२ सालच्या शेवटच्या दिवशी आलेले मरण. त्या पुण्यश्लोक माणसाबद्दल वाकडा शब्द काढण्याची माझी प्राज्ञा नाही. परंतु तो बेसवर पोहोचला हजारात ३५९ वेळा, योस्टपेक्षा पस्तीसांनी कमी. अर्थात फटक्याचे मोल वॉकहून अधिक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. फटक्याने पुढे उभे असलेले गडी घरी येतात, आणि कधी फटका मारणारा स्वतःही दोन-तीन बेस ओलांडतो. वॉकने फार तर एकेक पाऊल सरकते. पण बाद होणे आणि न होणे यांत जे अंतर आहे, ते या दोहोंमधल्या अंतरापेक्षा पुष्कळच मोठे आहे.

ही चूक कागदावर पकडली ती ब्रुकलिनच्या संघाच्या ब्रँच रिकी या चालकाने. त्याने १९४७ साली ॲलन रॉथ नावाचा कॅनडाचा एक आकडेतज्ज्ञ पगारी ठेविला, आणि १९५४ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात लेख लिहून बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणाचे महत्त्व सूत्रासह मांडले. लोकांनी वाचले आणि पान उलटले. ते प्रमाण अधिकृत आकड्यांत दाखल व्हावयास १९८४ साल उजाडावे लागले. आपल्या सरकारी खात्यांची गती मंद आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आकडा दाखल झाला तरी बाजारात त्याला भाव नव्हता. तो कमी भावात उचलला ओकलंडच्या संघाने. हा संघ २०२४ नंतर ते शहर सोडून गेला. त्याचा चालक बिली बीन याची कथा मला फार चटका लावते. तारुण्यात हा दिसावयास असा देखणा, धावण्यात, फेकण्यात असा तरबेज, की पारख्यांनी त्याला पाहताच डोळे मिटून हमी दिली. १९८० साली न्यूयॉर्कच्या मेट्स संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले आणि स्टॅनफर्डचे शिक्षण सोडून तो खेळावयास गेला. मोठ्या लीगमध्ये त्याची सरासरी झाली २१९. चेंडू सोडणे त्याला जमलेच नाही. पुढे चालक झाल्यावर हाच माणूस जे आपल्याला जमले नाही तेवढे एकच इतरांत शोधू लागला. २००२ साली त्याच्यापाशी पगाराला साधारण चार कोटी डॉलर होते आणि न्यूयॉर्कच्या यांकी संघापाशी सुमारे साडेबारा कोटी. त्याने स्कॉट हॅटेबर्ग नावाचा गडी घेतला. हा मूळचा यष्टिरक्षकासारख्या जागी खेळणारा; पण कोपराची शीर तुटल्याने त्याला धड चेंडू फेकता येईना, आणि बाकीच्यांनी त्याचे नाव टाकले होते. बीनला त्याच्या कोपराशी कर्तव्य नव्हते. त्याचा डोळा शाबूत होता. हॅटेबर्ग त्या मोसमात हजारात ३७४ वेळा बेसवर पोहोचला. संघाने १०३ सामने जिंकले, त्यांत लागोपाठ वीस. विसाव्या सामन्यात अकरा-शून्य अशी आघाडी अकरा-अकरा झाली असताना हॅटेबर्गने राखीव फलंदाज म्हणून येऊन चेंडू मैदानाबाहेर मारला. मोसमाअखेरच्या लढतींत मात्र मिनेसोटाने पहिल्याच फेरीत ओकलंडला घरी धाडले. मायकेल लुइस याने २००३ साली यावर पुस्तक लिहिले, २०११ साली चित्रपट निघाला, आणि मग जो तो वॉक मोजू लागला. अर्थात त्याबरोबर ते स्वस्तात मिळणेही संपले.

आता घरचे सांगतो. माझा नातू त्या वेळी अकरा वर्षांचा होता आणि गावातील मुलांच्या संघातून दर शनिवारी खेळत असे. मुलांच्या मैदानात बेसमधील अंतर साठच फूट आणि पिचरचे सेहेचाळीस फूट. बाकी सारा थाट मोठ्यांचाच. टोप्या, पंच, आणि जाळीबाहेर खुर्च्या टाकून बसलेले आईबाप. आमचा पठ्ठ्या उभा राही आणि चेंडू सोडी. पुष्कळदा चार चेंडू सोडून पहिल्या बेसवर चालत जाई. कधी तिसरी स्ट्राइक पाहत पाहत बाद होई. बॅट फिरविताना तो क्वचितच दिसे. चिरंजीव जाळीला बोटे घालून ओरडत, “अरे, फिरव! फिरव ना!” घरी परतताना गाडीत कोणी बोलत नसे.

“बाबा, तो घाबरतो,” चिरंजीव एके रात्री मला म्हणाले. “मारून चुकलो तर सगळे हसतील, म्हणून फिरवीतच नाही. नुसता उभा राहतो. अशाने हा पुढे काय करणार?”

नातवाला विचारले तर त्याचे उत्तर ठरलेले. “आजोबा, बॉल बाहेर होता.”

मला हा प्रश्न बेसबॉलपुरता वाटेना. भिऊन सोडलेला चेंडू आणि ओळखून सोडलेला चेंडू, बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींत बॅट खांद्यावरच असते. अकरा वर्षांच्या मुलाबद्दल यांतला कोणता निर्णय घरात कायम होतो, यावर पुढे त्याच्याशी कसे बोलले जाईल हे अवलंबून असते. आणि एकदा ‘हा भित्रा’ असे घराने ठरविले, की ते पुसावयास फार वर्षे लागतात. मोठ्या कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हे सांगावयास नको.

शिवाय चिरंजीवांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. त्या वयाच्या पिचरला खिडकीत चेंडू टाकता येतोच असे नाही. नुसता दगड आणून उभा केला तरी त्याला अधूनमधून वॉक मिळेल. १९५१ साली सेंट लुइसच्या संघाचा मालक बिल वेक याने हा विनोद प्रत्यक्षातच करून दाखविला. एडी गेडेल नावाच्या तीन फूट सात इंच उंचीच्या माणसाला त्याने खऱ्या सामन्यात फलंदाज म्हणून पाठविले. त्याची खिडकी ती केवढी! पिचरला चार चेंडूंत एकही तिच्यातून घालता आला नाही. गेडेल डौलात पहिल्या बेसवर गेला, आणि त्याच्या जागी दुसरा धावावयास आला. दुसऱ्याच दिवशी लीगने त्याला बंदी केली. त्याचे बेसवर पोहोचण्याचे प्रमाण शंभर टक्के आहे आणि ते आता कायमचे.

मोठ्यांच्या खेळात वॉक मिळतो तो बहुधा दोन कारणांनी. एक फलंदाजाचा डोळा; दुसरे पिचरचे भय. बॅरी बाँड्सला २००४ साली २३२ वॉक मिळाले, त्यांतील १२० तर जाणूनबुजून दिलेले. तो त्या वर्षी हजारात ६०९ वेळा बेसवर होता. १९९८ साली तर तिन्ही बेस भरलेले असताना, म्हणजे एक धाव फुकट देऊन, ॲरिझोनाने त्याला चालत जाऊ दिले आणि तरीही सामना जिंकला. उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांनी त्या आकड्यांवर काळी सावली आहे आणि २०२२ पर्यंतच्या दहाही मतदानांत लेखकांनी त्याला मानाच्या दालनात घेतले नाही; पण भय खरे होते. जो कधीच मारणार नाही अशी पिचरची खात्री होते, त्याला मोठा पिचर वॉक देत नाही. तो सरळ खिडकीत तीन चेंडू टाकतो. योस्टसारखा फटक्याचा फारसा धाक नसताना दीड हजारांहून अधिक वॉक काढणारा म्हणूनच विरळा. तेव्हा नातवाचे सोडणे हे नुसते सोडणे असेल, तर दोन-तीन वर्षांत त्याचे वॉक बंद होणार, हे चिरंजीवांचे म्हणणे मला खोडून काढता येईना.

विल्यम्सवरही हाच आक्षेप होता, हे मला तेव्हाच कळले. पुढे गडी उभे आहेत, एक फटका हवा आहे, चेंडू खिडकीच्या इंचभरच बाहेर आहे. अशा वेळी हा मारीत का नाही, वॉक घेऊन जबाबदारी पुढच्यावर का ढकलतो, असे बोस्टनचे वार्ताहर वर्षानुवर्षे लिहीत. त्याचे उत्तर सरळ होते: आज मी इंचभर बाहेरचा मारला, तर उद्या पिचर मला दोन इंच बाहेरचा देईल. तो खिडकीचे चेंडूच्या आकाराचे सत्त्याहत्तर भाग पाडी आणि कोणत्या भागातील चेंडूवर आपली सरासरी किती पडेल, याचा तक्ता त्याने पुढे पुस्तकात रंगीत छापला. दुसऱ्या महायुद्धात आणि पुन्हा कोरियात विमान चालविताना त्याच्या ऐन उमेदीचे सुमारे पाच मोसम गेले. परत येऊनही तो इंच सोडावयास तो तयार झाला नाही. १९५७ सालच्या सप्टेंबरात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो लागोपाठ सोळा वेळा बेसवर पोहोचला.

हट्ट म्हणावा की विवेक, याचा वाद अलीकडच्या काळापर्यंत चालू होता. सिनसिनाटीचा जोई व्होटो २००७ ते २०२३ खेळला, हजारात ४०९ वेळा बेसवर पोहोचला, आणि त्याच्याच गावचे लोक म्हणत, की एवढा पगार धावा घरी आणण्यासाठी आहे, चालावयास नव्हे. २००८ साली त्याचे वडील एकाएकी गेले. पुढच्या वर्षी मनाचा तोल जाऊन त्याला काही काळ खेळ थांबवावा लागला आणि परत आल्यावर त्याने ते पत्रकारांपुढे स्पष्ट सांगितले. ज्याला चेंडू सोडताना लोक थंड रक्ताचा समजत, त्याच्या आत काय चालले होते! मला गंमत वाटते ती पुढची: २०२१ साली, सदतिसाव्या वर्षी, त्याने आपण होऊन पवित्रा बदलला, अधिक जोराने बॅट फिरविली, छत्तीस वेळा चेंडू मैदानाबाहेर धाडला, आणि बेसवर पोहोचण्याचे प्रमाण ३७५ पर्यंत उतरू दिले. म्हणजे त्याला मारता येत नव्हते असे नाही.

आणि त्या वाचकांसाठी, ज्यांना हे सारे गोऱ्या श्रीमंतांचे चोचले वाटत असतील: डोमिनिकन रिपब्लिकमधील गरीब घरांतल्या पोरांत एक म्हण रूढ आहे, की वॉक घेऊन कोणी बेटावरून बाहेर पडत नाही. पारख्याच्या डोळ्यांत भरावयाचे तर बॅट फिरविलीच पाहिजे. त्याच बेटावरचा, सँटो डोमिंगोत १९९८ साली जन्मलेला हुआन सोटो एकोणिसाव्या वर्षी मोठ्या लीगमध्ये आला, तो जन्मजात चेंडू सोडीत. सोडल्यावर पाय घासून पिचरकडे असा रोखून पाहतो, की जणू तुझा चेंडू मी नापसंत केला. २०२४ सालच्या डिसेंबरात मेट्स संघाने त्याच्याशी पंधरा वर्षांचा करार केला. रक्कम साडेशहात्तर कोटी डॉलर. शनिपारावरची मंडळी ज्या आकड्यावर हसली, तो हाच.

मी एक चारआणे छापाची वही घेतली. तशी तिकडे मिळत नाही, पण बंगाली दुकानात तिच्या जवळ जाणारी मिळाली. दर शनिवारी मी जाळीच्या बरोबर मागे खुर्ची टाकून बसू लागलो आणि नातवाला आलेला प्रत्येक चेंडू मांडू लागलो: आत की बाहेर, मारला की सोडला. सौभाग्यवती शेजारी छत्री घेऊन बसत आणि “आता हा आत होता हो,” असे अधूनमधून सांगत. नऊ सामन्यांची वही झाली. बाहेरचे चेंडू पोरगा जवळजवळ सर्वच सोडीत होता. त्याचा डोळा खोटे बोलत नव्हता. परंतु पहिला चेंडू अगदी मधोमध आला तरी तो सोडून देण्याची त्याला सवय होती, आणि तेही वहीत उतरले. सहाव्या सामन्यात चेंडू त्याच्या बरगडीवर बसला. नियमाप्रमाणे अंगावर चेंडू बसला तरी पहिली बेस मिळते. रॉन हंट नावाच्या मॉन्ट्रियलच्या खेळाडूने १९७१ च्या एका मोसमात पन्नास चेंडू असे अंगावर घेतले होते. नातू बेसवर गेला, पाठ आमच्याकडे केली आणि टोपी बराच वेळ खाली ओढून धरली. पुढच्या शनिवारी तो पाटीपासून कोठे उभा राहतो, हे पाहण्यासाठी मी लौकर जाऊन बसलो. तो होता तेथेच उभा राहिला.

वही मी चिरंजीवांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी रात्री ती शेवटपर्यंत वाचली असावी, कारण सकाळी मधोमधच्या सोडलेल्या चेंडूंखाली शिसपेन्सिलीच्या रेघा होत्या. बाहेरच्या रकान्यावर मात्र कोठेच खूण नव्हती. त्यानंतर संध्याकाळी बापलेक अंगणात जाऊ लागले. चिरंजीव चेंडू टाकीत आणि म्हणत, “पहिलाच मार, आतला असला तर.” जाळीपाशी ओरडणे थोडे कमी झाले, अजिबात थांबले असे मी म्हणणार नाही.

मोसमाच्या शेवटच्या सामन्यात नातवाने पहिला चेंडू मारला, तो वाकडा जाऊन रेषेबाहेर पडला. मग तीन चेंडू सोडले, तिन्ही बाहेर. पुढच्यावर बॅट फिरविली आणि चुकला. म्हणजे तीन बॉल, दोन स्ट्राइक. शेवटचा चेंडू खाली, कडेला आला; पोराने तो सोडला आणि बॅट ठेवून निघालाही. पंचाने हात वर केला: तिसरी स्ट्राइक, बाद.

गाडीत बसल्यावर त्याने मागे वळून विचारले, “आजोबा, वहीत काय लिहिलेत?”

मी त्या चेंडूपुढे काहीच लिहिले नव्हते. मला तो नीट दिसला नव्हता. सौभाग्यवतींचे मत, की आतच होता, पंच काय आंधळा आहे? चिरंजीव गाडी मागे घेत होते. मान वळवून काचेतून रस्त्याकडे पाहता पाहता ते म्हणाले,

“बाहेर होता तो. चांगला चार बोटे बाहेर.”

त्यावर मायलेकांचे जे सुरू झाले, ते घर येईपर्यंत मिटले नाही.